कॉम्प्युटरच्या वॉटर कूलिंगचा नवाकोरा रॅडिएटर लावायच्या आधी धुवावाच लागतो का?

भावा, तू विचारलंयस की ३६० मिलिमीटरचा तांब्याचा रॅडिएटर आणलाय, बॉक्सवर आतून धुतलेला आहे असं छापलंय, दुकानदार म्हणतो तसाच लाव, मित्र म्हणतो व्हिनेगर ओत, आणि साताऱ्यात डिस्टिल्ड पाणी कुठं मिळतं ते पण माहीत नाही. तर मी सांगलीचा, विश्रामबागला असतो, कस्टम लूप (म्हणजे सुटे भाग जोडून स्वतः बांधलेलं वॉटर कूलिंग) दोनदा बांधलाय आणि पहिल्या वेळी दुकानदाराचंच ऐकलं होतं.

पहिले दोन-अडीच महिने एकदम मस्त चाललं. मग गेम खेळताना सीपीयू जो ६५-६८ डिग्रीला असायचा तो हळूहळू ८० च्या पुढं जायला लागला, मी म्हटलं सांगलीचा एप्रिल आहे, असणारच, सीपीयूवरची थर्मल पेस्ट बदलली, फॅन बदलले, फरक शून्य. शेवटी ब्लॉक (सीपीयूवर बसतो आणि ज्याच्या आतून पाणी फिरतं तो धातूचा तुकडा) उघडला तर आतल्या बारीक खाचांमधे हिरवट पांढरा चिकट थर, त्यात काळ्या रंगाचे कण, दोन धातूचे बारीक चुरे पण. त्या खाचा अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक असतात, म्हणजे रॅडिएटरमधला सगळा कचरा शेवटी तिथंच येऊन गाळला जातो, चहाच्या गाळणीसारखा. त्या दिवसापासून बॉक्सवर काय पण छापलेलं असू दे, मी धुतोच.

कचरा येतो कुठून ते सांगतो. रॅडिएटरच्या चपट्या नळ्या आणि दोन्ही टोकांच्या टाक्या सोल्डरनं जोडलेल्या असतात, आणि सोल्डर नीट पसरावं म्हणून आधी फ्लक्स लावतात. कल्हईवाला भांडं तापवून नवसागर टाकायचा बघ, भसकन पांढरा धूर निघायचा आणि मग कथील सरसर पसरायचं, फ्लक्स तेच काम करतं. पण कल्हईवाला भांडं नंतर धुवून द्यायचा, इथं नळीच्या आत उरलेलं कोण पुसणार. ते तिथंच सुकून बसतं आणि पंपानं कोमट पाणी फिरवायला लागलं की दिवसेंदिवस थोडं थोडं सुटत राहतं, कूलंटमधल्या (लूपमधे फिरणाऱ्या तयार पाण्यातल्या) औषधांशी मिसळून अजून चिकट होतं. म्हणून पहिल्या दिवशी सगळं चकाचक दिसतं.

आता धुवायचं कसं. सगळ्यात आधी खात्री कर की रॅडिएटर खरंच तांब्याचाच आहे. स्वस्तातले बरेच ॲल्युमिनियमचे असतात, हातात घेतला की हलका लागतो, लिस्टिंगमधे मटेरियल बघ. ॲल्युमिनियमचा असेल तर व्हिनेगर नको आणि तांब्याच्या ब्लॉकबरोबर तो लावूच नको, एकाच पाण्यात दोन्ही धातू आले की ॲल्युमिनियम हळूहळू खाल्लं जातं. आणि तुझा तयार सीलबंद एआयओ (कंपनीतूनच सगळं जोडून, पाणी भरून येणारा कूलर) असता तर मी म्हटलं असतं उघडूच नको, बाहेरून ब्रश मार आणि सोड.

कंपनीनं भोकांना लावलेली प्लास्टिकची टोपणं फक्त वाहतुकीसाठी असतात. मी त्यांच्या भरवशावर गरम पाणी भरून हलवायला गेलो आणि टोपण सुटून बाथरूमच्या आरशावर. मेटलचे ओ-रिंगवाले जी १/४ चे (हे भोकाच्या आट्यांचं माप) स्टॉप प्लग, म्हणजे बुच, घे, नाहीतरी लूपला लागतातच.

पहिले पाच-सहा हात साध्या पाण्याचे चालतात, पण बोअरचं नको. आमच्याकडं बोअरच्या पाण्यानं गीझरच्या कॉइलवर पांढरी खपली चढते, तुझ्याकडं पण तसंच असेल तर नगरपालिकेचं किंवा फिल्टरचं वापर. पाणी कडक गरम, पण उकळतं नाही, साधारण ६०-७० डिग्री. रॅडिएटर अर्धाच भर, प्लग लाव, टॉवेलमधे गुंडाळून दोन मिनिटं चारी दिशांना हलव, मधेमधे प्लग सैल करून वाफ जाऊ दे. पूर्ण भरलास तर आत पाणी हलतच नाही, अर्ध्यातच खळखळतं, हे मला दुसऱ्या वेळी कळलं.

आणि पाणी बेसिनमधे ओतू नको. पांढऱ्या डब्यात ओत, डब्याच्या तोंडाला जुन्या पांढऱ्या पंचाचा तुकडा बांधून. कापडावर काय राहतंय ते बघ. माझ्या दुसऱ्या रॅडिएटरला, ज्यावर पण धुतलेला म्हणून छापलं होतं, पहिल्या पाण्यात काळे कण आणि एक सोल्डरची ज्वारीएवढी गोळी निघाली. ती पंपात गेली असती तर काय झालं असतं विचारू नको. लोक विचारतात किती वेळा धुवायचं, अरे आकडा नसतो, शेवटचं पाणी काय सांगतं ते बघायचं, कुणाचा तीनदात होतो कुणाचा दहादा. डबा मात्र स्वयंपाकातला नको, सोल्डरचा माल आहे, परत त्यात डाळ भिजवायची नाही. (आईनं पातेलं काढून घेतलं तेव्हा मला राग आला होता, पण बरोबर तिचंच होतं.)

व्हिनेगरचं म्हणशील तर हे ऑप्शनल आहे. गरम पाण्यानं कापड स्वच्छ येत असेल तर गरज नाही, तेलकट किंवा चिकट काही येतच राहिलं तरच. किराणा दुकानातलं साधं पांढरं, एक भाग व्हिनेगर चार भाग पाणी, पंधरा-वीस मिनिटं, बास. मी शहाणपणा करून नुसतं व्हिनेगर रात्रभर भरून ठेवलं आणि सकाळी निळंहिरवं पाणी निघालं, मी खूश की बघा किती घाण निघाली. घाण कसली, ते माझं तांबंच विरघळून येत होतं. पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात ताक ठेवलं की कळकतं ना, तोच प्रकार. म्हणजे पाणी निळसर दिसायला लागलं की ते साफ होत नाहीये, झिजतंय, लगेच ओतून टाक. मग लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून एकदा खळबळून घे, तेव्हा प्लग लावायचे नाहीत कारण फेस येतो आणि गॅस होतो. आणि हे सगळं फक्त रॅडिएटरला, निकेल प्लेटिंगच्या ब्लॉकला व्हिनेगर दाखवू पण नको.

चिंच-मीठ, पितांबरी, असलं काही आत घालायचं मनात पण आणू नको, तांब्याच्या तांब्याला बाहेरून घासायला ठीक, इथं पावडरचा कण आत अडकला की तोच नवा कचरा. मिरजेला एका ट्रकच्या रॅडिएटरवाल्याला सहज विचारलं तर म्हणाला आण की, ॲसिड मारून पाच मिनिटात देतो. ट्रकच्या रॅडिएटरला चालत असेल बाबा, आपल्या नळ्या पातळ. तयार किट पण मिळतात, मेहेम्सच्या ब्लिट्झ किटमधे रॅडिएटरसाठी वेगळं फॉस्फोरिक ॲसिडवालं औषध असतं, ते घेतलंस तर हातमोजे आणि चष्मा घालून, सूचना वाचून वापर. एका रॅडिएटरसाठी मला तेवढा खर्च पटला नाही.

आता डिस्टिल्ड पाणी. साताऱ्यात काय, कुठं पण पेट्रोल पंपावर किंवा बॅटरीच्या दुकानात बॅटरी वॉटर म्हणून मिळतं, पाच लिटरचा कॅन घे, लेबलवर डिस्टिल्ड किंवा डिमिनरलाइज्ड लिहिलेलं बघ. आणि नीट बघ, कारण त्याच दुकानात त्याच्यासारख्याच कॅनमधे बॅटरीचं ॲसिड पण असतं. "बॅटरीचं पाणी" असं तोंडी मागून पिशवीत घालून आणू नको, लेबल वाच.

त्यानं शेवटचे निदान तीन हात मार. इथं आरओवाल्याकडं असतो तो टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) कामाला येतो, ऑनलाइन पण स्वस्तात मिळतो. कॅनमधलं पाणी आधी मोज, मग रॅडिएटरमधे दहा मिनिटं ठेवून काढलेलं मोज. दोन्ही आकडे जवळपास सारखे आले तर व्हिनेगर, सोडा, क्षार सगळं गेलं. पण मीटरला तेल किंवा चुरा कळत नाही, त्यासाठी कापडच. माझ्याकडं कॅनचं ३ होतं आणि दुसऱ्या हाताला पण ४१ येत होतं, पाचव्या हाताला ५ वर आलं तेव्हा थांबलो. वाळवत बसू नको, दोन थेंब डिस्टिल्ड राहिलं तर काही बिघडत नाही.

लूप जोडल्यावर पण लगेच रंगीत कूलंट ओतू नको. नुसतं डिस्टिल्ड भरून एक दिवस फक्त पंप चालव, बाकी कॉम्प्युटरला करंट न देता, प्रत्येक जॉइंटखाली टिश्यू ठेवून, म्हणजे लीक पण तपासून होतं. मग ते पाणी काढून परत पंचातून गाळ, स्वच्छ असेल तरच कूलंट.

अजून एक, धुण्याशी संबंध नाही पण याच्यात माझ्या मित्राचा रॅडिएटर गेला. फॅनचे स्क्रू. फॅन २५ मिलिमीटर जाड असतो, त्याला ३० चा स्क्रू बास. त्यानं घरात पडलेले लांब स्क्रू घातले, एक सरळ नळीत घुसला, लूपमधलं सगळं पाणी जीपीयूवर, म्हणजे ग्राफिक्स कार्डवर. तुझ्या बॉक्समधले स्क्रू आधी फॅन नसताना हातानं लावून बघ नळीपर्यंत पोचतात का, आणि रॅडिएटरची जाडी किती आहे ते खाली लिही, मग पाच लिटरचा एक कॅन पुरेल का ते सांगतो.