बेसूर कोण, गायिका की खोली? – वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी कोथरूडला राहतो. नाट्यसंगीत आणि ख्याल ऐकण्यात आयुष्य गेले; निवृत्तीनंतर ऑपेराची गोडी लागली. गेल्या दिवाळीत मुलाने दिवाणखान्यात पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर असा 5.1 संच बसवून दिला. ‘ला त्राव्हियाता’ या ऑपेराची ब्लू-रे डिस्क लावली की नायिकेचा आवाज सारखा थरथरतो आणि मला तो सुरात वाटत नाही. हातात संहिता असूनही उंच स्वरांवर तिचे शब्द कळत नाहीत. मागच्या स्पीकरमधून तर टाळ्या सोडल्यास जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. दोष गायिकेचा, ध्वनिमुद्रणाचा की आमच्या संचाचा, हे कसे ओळखावे?

उत्तर : गाणे आणि ध्वनिमुद्रण या दोहोंची परीक्षा एकाच बैठकीत केली की एकाचे उणे दुसऱ्याच्या नावावर जमा होते, आणि आपल्या पत्रात नेमके तसेच झाले आहे. म्हणून पहिल्या बैठकीत डिस्कवरचा स्टिरिओ ट्रॅक निवडावा, म्हणजे पुढचे दोनच स्पीकर वाजतील. टीव्हीचा पडदा बंद ठेवावा आणि केवळ गळा ऐकावा.

आपला कान तंबोऱ्यावर तयार झालेला आहे. षड्ज लागला की तो हलता कामा नये, ही आपली पहिली अपेक्षा असते. ऑपेराचा गळा मात्र मुळातच आंदोलित असतो. दीर्घ स्वर सेकंदाला साधारण 5 ते 7 वेळा किंचित वर-खाली होतो आणि त्या परंपरेतला श्रोता या हेलकाव्याचा मध्य हाच स्वर मानतो. याची पारख आपल्याला घरबसल्या करता येईल. नायिकेने लांब स्वर धरला की वाद्यवृंदाशी जुळवून आपण सोयीच्या सप्तकात हलकेच सरळ आकार लावावा. तो तिच्या हेलकाव्याच्या मधोमध बसला तर गायिका सुरात आहे. तो हेलकाव्याच्या वरच्या कडेलाच टेकत असेल, तर तिचा स्वर उतरलेला आहे आणि आपली तक्रार रास्त आहे. हेलकावे सहज मोजता येतील इतके संथ आणि रुंद झाले असतील, तर तो बहुधा थकलेला गळा असतो. एक-दोन आठवडे असे ऐकल्यावर कंप आणि बेसूरपणा यांतला फरक आपोआप कळू लागतो, हे मी अनुभवाने सांगतो.

शब्दांविषयी गायिकेला क्षमा करावी. ‘ई’ हा उच्चार तोंडाच्या पोकळीतल्या ज्या खालच्या अनुनादामुळे ओळखू येतो, तो सुमारे 300 हर्ट्झला (म्हणजे सेकंदाला 300 कंपनांवर) असतो. गायिका 880 हर्ट्झच्या स्वरावर पोचली की त्या जागी आवाजात काही उरतच नाही, आणि सगळे स्वरोच्चार ‘आ’च्या जवळ सरकतात. शब्दांची परीक्षा मध्य सप्तकात घ्यावी. तिथे व्यंजने पुसट असतील तर मात्र गुण जरूर कापावेत.

एका गोष्टीचा निकाल घरी बसून देऊ नये, आणि ती म्हणजे आवाजाचा आवाका. ऑपेराचे गायक परंपरेने ध्वनिवर्धकाशिवाय गातात, जसे आपल्याकडे ध्वनिवर्धक येण्यापूर्वी संगीत नाटकांतले नट शेवटच्या रांगेपर्यंत पद पोचवीत. वाद्यवृंदाची सर्वाधिक ऊर्जा 500 हर्ट्झच्या आसपास असते, तर कसलेल्या गळ्यात, विशेषतः पुरुषांच्या, 3000 हर्ट्झच्या आसपास एक धार असते. आपण जिला आवाजाची जवारी म्हणतो तिच्याशीच मी या धारेचे नाते जोडतो. या धारेमुळे एकटा माणूस साठ-सत्तर वाद्यांच्या वर ऐकू येतो. परंतु चित्रित प्रयोगांत पुष्कळदा गायकांच्या केसांत किंवा टोपाखाली छोटा मायक्रोफोन लपवलेला असतो, त्यामुळे लहान आवाजही वाद्यवृंदाच्या बरोबरीला आणून बसवता येतो. नायक-नायिका मिठीत आल्यावर दोघांच्या आवाजाचा पोत अचानक बदलला किंवा कपड्यांची सळसळ ऐकू आली, तर असा मायक्रोफोन आहे असे खुशाल समजावे.

आता दुसरी बैठक, सगळे स्पीकर चालू करून. मागच्या स्पीकरमधून गाणे ऐकू येत नाही ही तक्रार माझ्याकडे वारंवार येते, पण ऑपेराच्या ध्वनिमुद्रणात मागच्या वाहिन्यांवर, म्हणजे मागच्या स्पीकरसाठीच्या ट्रॅकवर, बहुतेक वेळा प्रेक्षागृहाचा प्रतिसाद आणि टाळ्या एवढेच असते, आणि तसेच असायला हवे, कारण रंगमंच आपल्या समोर असतो. ते काम करतात की नाही हे गाणे चालू असताना मागचे दोन्ही स्पीकर बंद करून पाहावे. खोली एकदम आखडल्यासारखी वाटली तर ते आपले काम चोख करीत होते. काहीच फरक पडला नाही, तर त्यांची जागा तपासावी.

माझ्या सदाशिव पेठेतल्या घरी संच बसवणाऱ्या माणसाने मागचे दोन्ही स्पीकर छताच्या कोपऱ्यात, नऊ फुटांवर, पंख्याकडे तोंड करून ठोकले होते. दोन वर्षे मी चांगल्या चांगल्या ध्वनिमुद्रकांना दोष देत राहिलो. त्याचे मला आजही वाईट वाटते. शिफारस अशी आहे की समोरची दिशा शून्य धरून हे स्पीकर 100 ते 120 अंशांवर, म्हणजे खांद्यांच्या रेषेच्या थोडे मागे असावेत. उंची कानाइतकी किंवा त्याहून थोडी अधिक. रिसीव्हरमध्ये, म्हणजे सगळे स्पीकर ज्याला जोडलेले असतात त्या यंत्रात, प्रत्येक स्पीकरचे अंतर टेपने मोजून भरावे. ध्वनीला एक फूट कापायला एक मिलिसेकंदाहून किंचित कमी वेळ लागतो आणि जो ध्वनी आधी पोचतो त्याच्याच दिशेला कान बांधला जातो, म्हणून पाठीमागचा स्पीकर चार फुटांवर आणि पुढचा दहा फुटांवर असताना हे अंतर भरले नाही, तर रंगमंच पाठीकडे ओढला जातो.

मधला स्पीकर आपण टीव्हीच्या कपाटात ठेवला असावा असा माझा तर्क आहे. प्रमुख गायकांचा आवाज पुष्कळसा त्यातूनच येतो. रोज ऐकण्यातल्या निवेदकाच्या बातम्या त्यावर लावाव्यात. तो डब्यातून बोलल्यासारखा वाटला तर नायिकाही तशीच ऐकू येणार. स्पीकर कपाटाच्या कडेपर्यंत पुढे ओढावा. मग खोलीच्या मध्यभागी उभे राहून एक टाळी वाजवावी. गुळगुळीत फरश्या, उघड्या भिंती आणि सरकत्या काचा असलेल्या आपल्या दिवाणखान्यांत टाळीमागून एक झणझण येते, आणि तीच झणझण सोप्रानोच्या, म्हणजे सर्वांत उंच पट्टीच्या गायिकेच्या, तार स्वरांना कर्कश करते. जमिनीवर जाड सतरंजी, बाजूच्या भिंतीशी पुस्तकांचे कपाट आणि काचेवर जाड पडदा एवढ्याने ती पुष्कळ कमी होते. रिसीव्हरमधले ‘हॉल’, ‘थिएटर’ असे कृत्रिम पर्याय कायमचे बंद करावेत. ज्या प्रेक्षागृहात मुद्रण झाले त्याचा घुमारा डिस्कवर आहेच, त्यावर दुसरा चढवू नये.

हे सगळे झाल्यावर त्याच डिस्कचा पहिला अंक लावावा. अंकाच्या शेवटी नायिका व्हिओलेत्ता एकटी गात असताना सज्जाखालून नायक आल्फ्रेदोचा आवाज येतो. तो दूरचा आणि भिंतीपलीकडचा वाटला, तरीही त्याची दिशा ठरवता आली, तर मुद्रण उत्तम आहे आणि आपला संचही जागेवर आला आहे.

प्रश्न : सहकारनगरमधील आम्ही काही मित्र दर महिन्याला एकत्र बसून ऑपेरा ऐकतो. पुच्चिनींच्या ‘तोस्का’ या ऑपेराचे सोप्रानो मारिया कॅलासने गायलेले 1953 चे जुने मुद्रण श्रेष्ठ की अलीकडचे एखादे सराउंड, म्हणजे चहूबाजूंच्या स्पीकरांसाठीचे, मुद्रण, यावर आमच्यात दोन तट पडले आहेत.

उत्तर : मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात व्हिक्टर दे साबाता यांच्या संचालनाखाली झालेले ते मुद्रण मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचे, आहे आणि गायनाच्या बाबतीत मी आजही तेच हातात घेतो. कॅलास एकाच वाक्यात मत्सरातून लाडीगोडीकडे येते, आणि ते कळायला दुसरा स्पीकरसुद्धा लागत नाही.

परंतु दुसऱ्या तटाचेही म्हणणे मला मनापासून पटते, कारण ‘तोस्का’ हा ऑपेराच दिशा आणि अंतर यांवर उभा आहे. दुसऱ्या अंकात खलनायक पोलीसप्रमुख स्कार्पियाच्या दालनात चौकशी चालू असते आणि उघड्या खिडकीतून खालच्या मजल्यावरचे समूहगान येत राहते, त्यात नायिका तोस्काचा आवाजही असतो. मग स्कार्पिया खिडकी बंद करतो आणि संगीत तुटते. चांगल्या सराउंड मुद्रणात त्या क्षणी खोलीतली हवा बदलल्यासारखी वाटते. तिसऱ्या अंकाच्या आरंभी रोमची पहाट होते, दुरून मेंढपाळ पोराचे गाणे येते आणि निरनिराळ्या देवळांच्या घंटा जवळून-लांबून वाजतात. पुच्चिनी या घंटांचे स्वर ऐकण्यासाठी मुद्दाम रोमला गेले होते. आपल्या मंडळाने हे दोनच प्रवेश नव्या मुद्रणात लागोपाठ ऐकावेत. खिडकी बंद होताना आवाज नुसताच कमी झाला, किंवा सगळ्या घंटा एकाच भिंतीवर टांगल्यासारख्या वाजल्या, तर त्या डिस्कला सराउंडचे जास्तीचे गुण देऊ नयेत.

प्रश्न : औंधला आमची सदनिका आहे. रात्री शेजाऱ्यांसाठी रिसीव्हरवरचा ‘नाइट मोड’ लावते. याने काही बिघडते का?

उत्तर : ऐकायला हरकत नाही, पण त्यावर गायकाची परीक्षा करू नये. हा पर्याय मोठा आवाज दाबतो आणि लहान आवाज वर उचलतो. ‘आयदा’ या ऑपेराच्या पहिल्या अंकातल्या ‘चेलेस्ते आयदा’ या नायकाच्या गाण्याचा शेवटचा तार स्वर संगीतकार व्हेर्दी यांनी अगदी हळू आणि विरत जाणारा लिहिला आहे, पुष्कळ गायक तो जोरात लावून टाळ्या घेतात, मोजकेच तो लिहिल्याप्रमाणे विरवतात. नाइट मोडवर हे दोघे जवळजवळ सारखेच ऐकू येतील. रात्री हेडफोन लावावेत.