विंडोज काढलं म्हणून मुलगा वाया जात नाही

सिडकोतल्या एका ताईंचं पत्र आहे. मुलगा एस. वाय. बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सला. दिवाळीच्या सुट्टीत त्याने लॅपटॉपमधलं विंडोज काढून ‘घोस्टबीएसडी’ टाकलं. वायफाय चालेना, म्हणून मोबाइल केबलने जोडून नेट वापरतो. रात्री उशिरापर्यंत जागतो, जर्नलं वेळेवर होत नाहीत. मावसभावाने पुण्यात जावाचा क्लास लावलाय. ताई विचारतात, ‘या नादात करिअर आहे का, की यालाही क्लास लावून देऊ?’

ताई, नाद चांगला आहे, मोडू नका. फक्त त्याला वळण लावावं लागेल.

आधी हे प्रकरण काय ते सांगते. घोस्टबीएसडी उभी आहे ती फ्रीबीएसडीवर. फ्रीबीएसडी ही १९९३ पासूनची खुली ऑपरेटिंग सिस्टीम, बर्कली विद्यापीठात घडलेल्या युनिक्स या जुन्या सिस्टीमची वारसदार. नेटफ्लिक्सचे व्हिडिओ पुरवणारे सर्व्हर तिच्यावर चालतात, प्लेस्टेशन ४ ची सिस्टीमही तिच्यावरूनच बेतलेली. पण ती नेहमीच्या पद्धतीने टाकली की समोर येतो काळा पडदा आणि लॉगिनची ओळ. खिडक्या, आयकॉन, मेनू सगळं आपणच बसवायचं. घोस्टबीएसडीवाल्यांनी ते बसवून तयार दिलंय. पेन ड्राइव्ह लावला की थेट डेस्कटॉप. लिनक्स या दुसऱ्या खुल्या सिस्टीमच्या बाजूला डेबियनवरून उबुंटू आणि उबुंटूवरून मिंट निघालं, तसंच हे.

अशा तयार सिस्टीम एकामागून एक टाकून बघणं हे मात्र कौशल्य नव्हे. त्या बंदही पडतात. पीसी-बीएसडी ही अशीच फ्रीबीएसडीवरची तयार सिस्टीम २००५ मध्ये सुरू झाली, २०१६ मध्ये ‘ट्रूओएस’ झाली आणि २०२० मध्ये तिचं काम थांबलं. खालची फ्रीबीएसडी चालूच राहिली. म्हणून मुलाने डेस्कटॉपवर न रमता त्याच्या खाली काय चाललंय ते शिकावं.

सुरुवात त्या वायफायपासूनच करू दे. वायफायची चिप बनवणाऱ्या कंपन्या विंडोजचा ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारा प्रोग्रॅम, देतात, लिनक्सचाही बऱ्याचदा देतात. बीएसडीसाठी तो बहुतेक वेळा प्रकल्पातल्या लोकांनाच लिहावा किंवा लिनक्सवरून जुळवून घ्यावा लागतो. लॅपटॉपमध्ये चिप कोणती, तिला कोणता ड्रायव्हर लागतो, मशीन सुरू होताना कोणती एरर आली, काय करून पाहिलं आणि त्याचं काय झालं, हे त्याला एका पानावर साध्या इंग्रजीत लिहायला सांगा. आधी कोणी कळवलेलं नसेल तर तेच पान बग रिपोर्ट, म्हणजे दोषाची नोंद, म्हणून प्रकल्पाला पाठवता येईल. ‘मला लिनक्स येतं’ म्हणणारी मुलं मुलाखतीला रांगेने येतात. असं पान पुढे ठेवणारा मुलगा लक्षात राहतो.

पुढची पायरी पोर्ट्सची. फ्रीबीएसडीवर चालावीत म्हणून जुळवून ठेवलेली ३०,००० हून अधिक सॉफ्टवेअर्स आहेत आणि त्यातल्या कित्येकांना सांभाळणारं कोणी नाही. त्यातलं एखादं छोटं निवडायचं, नवी आवृत्ती आणायची, बांधून तपासायची आणि पाठवायची. प्रकल्पातली अधिकार असलेली व्यक्ती ते पाहून घेते आणि काम नावानिशी नोंदलं जातं. एवढं दुसऱ्या वर्षाच्या मुलाला नक्की जमतं.

नोकरीचं स्पष्ट सांगते. ‘बीएसडी येणारा हवा’ अशी जाहिरात नाशिकमध्ये शोधत बसू नका. नोकऱ्या लिनक्स, नेटवर्किंग आणि क्लाउडच्या नावाने निघतात. म्हणून लिनक्स सोबत हवंच, आणि शेल (टाइप करून आज्ञा द्यायची जागा), फाइल परवानग्या, नेटवर्क यांची समज दोन्हीकडे कामाला येते. आणखी एक वाट आहे. पीएफसेन्स आणि ओपीएनसेन्स हे फायरवॉल, म्हणजे नेटच्या दारावरचे पहारेकरी, फ्रीबीएसडीवरच उभे आहेत. दोन नेटवर्क कार्डांचा जुना पीसी मिळाला तर मुलगा घरीच फायरवॉल उभा करू शकेल. अंबड-सातपूरच्या कारखानदाराला ‘ऑपरेटिंग सिस्टीम’ ऐकण्यात रस नसेल, पण ऑफिसचं नेट सुरक्षित करून देणारा माणूस त्याला हवा असतो.

आता त्याला घालायच्या अटी. जर्नल आधी, प्रयोग नंतर. कॉलेजचं काम वेगळ्या डिस्कवर आणि त्याची एक प्रत बाहेर. प्रॅक्टिकल परीक्षेच्या आठवड्यात अपडेट करायचं नाही. इतर वेळी अपडेटआधी बूट एन्व्हायर्नमेंट, म्हणजे चालू सिस्टीमची जपलेली प्रत, करून ठेवायचं, म्हणजे बिघडलं तर सुरुवातीच्या मेनूतून जुन्या स्थितीत परत जाता येतं. आणि बाराला लॅपटॉप बंद, यावर तुम्ही ठाम राहा.

क्लासची फी आत्ता भरू नका. मार्चपर्यंत ते वायफायचं पान आणि एक पोर्ट त्याच्या हातून झालं का ते बघा. झालं तर त्याला घेऊन या, तिसऱ्या वर्षाचा प्रोजेक्ट यातूनच कसा काढायचा ते आपण ठरवू. नाही झालं, तर क्लासचं तेव्हा बोलू.