ऐकणाऱ्याचे हात मोकळे नसतात

ऑनलाइन व्यवसायासाठी ऑडिओ कसा वापरायचा याबद्दल वाचकांचे बरेच प्रश्न साठले होते. त्यातले सात निवडले आहेत. एकसारखे प्रश्न अनेकांनी विचारले होते, ते एकत्र केले आहेत.

प्रश्न : मी हाताने शिवलेल्या कापडी पिशव्या आणि पाकिटे ऑनलाइन विकते. सगळे म्हणतात, पॉडकास्ट (भागाभागांनी येणारा ऑडिओ कार्यक्रम) सुरू कर. पण माझी वस्तू तर डोळ्यांनी बघून घ्यायची आहे. आवाजाचा मला काय उपयोग?

पिशवी दाखवायचे काम फोटोचेच आहे, ते आवाजावर टाकू नका. पण चांगला फोटो बघूनही गिऱ्हाईक का घुटमळते, याचा विचार करा. पट्टा लॅपटॉपचे वजन पेलेल का, धुतल्यावर रंग उतरेल का, शिवण उसवली तर ही बाई दाद देईल का? यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर फोटोत नसते. तिसऱ्याचे तर लिहूनही नीट देता येत नाही, कारण 'ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय' हे वाक्य सगळेच लिहितात. तुम्ही शांतपणे बोललात की पट्टा दोनदा शिवायला का सुरुवात केली, आधीच्या पिशव्यांत काय चुकत होते, तर समोरच्याला माणूस भेटतो. ऑडिओकडून मी एवढीच अपेक्षा ठेवतो, आणि ती छोटी नाही.

माणसे ऐकतात कधी, हेही ध्यानात घ्या. चालताना, गाडी चालवताना, भांडी घासताना. हात आणि डोळे दुसऱ्या कामात असतात, कान मोकळे असतात. त्यामुळे पंधरा-वीस मिनिटे सलग लक्ष मिळते, जे फोनच्या पडद्यावर क्वचितच मिळते. पण त्याच कारणाने ऐकणारा तिथल्या तिथे खरेदी करू शकत नाही. म्हणून 'आत्ताच ऑर्डर करा' असे दर तीन मिनिटांनी म्हणण्यात अर्थ नाही. एका भागात एकच पत्ता सांगा, आणि तो ऐकून लक्षात राहील असा ठेवा. अंक, आडव्या रेघा, विचित्र स्पेलिंग असलेली लिंक तोंडी सांगताच येत नाही. एखाद्या मैत्रिणीला फोनवर ती एकदाच सांगा आणि तासाभराने विचारा. तिला आठवली नाही तर बदला.

आणि पॉडकास्टने सुरुवात करू नका. प्रत्येक पिशवीच्या पानावर दीड-दोन मिनिटांची ध्वनिफीत ठेवा : कापड कोणते, आत काय मावते, कोणासाठी ही पिशवी योग्य नाही. शेवटचा मुद्दा गाळू नका. वस्तू कोणी घेऊ नये हे विकणाराच सांगतो, तेव्हा बाकीच्या बोलण्यावर विश्वास बसतो. अशा दहा-बारा फिती करून झाल्या की बोलण्याचा सरावही होईल आणि सांगण्यासारखे आणखी काय आहे तेही कळेल.

प्रश्न : महागडा कंडेन्सर माइक घेतला, तरी आवाज न्हाणीघरातून आल्यासारखा घुमतो. अजून कोणते साहित्य घ्यावे?

काहीही घेऊ नका. दोष खोलीचा आहे, आणि तुमचा माइक तो दोष इमानेइतबारे टिपतो आहे. कंडेन्सर माइक फार संवेदनशील असतो. तोंडातून निघालेला आवाज तो पकडतोच, शिवाय भिंतीवर, काचेवर, फरशीवर आपटून परतलेलाही पकडतो. डायनॅमिक माइकची संवेदनशीलता कमी असते, त्यामुळे साध्या घरगुती खोलीत तो बऱ्याचदा जास्त बरा ठरतो. पण आधी घरात आहे त्यावर भागवा. कपड्यांचे कपाट उघडून त्याच्या समोर बसा, मागे जाड पडदा किंवा गादी उभी करा. मऊ वस्तू प्रतिध्वनी शोषतात. पंखा बंद, फ्रीजपासून दूर.

सगळ्यात जास्त फरक पडतो तो अंतराने. तोंड आणि माइक यांत एक वीत, फार तर थोडे कमी. लांब बसून आवाजाची पातळी वाढवली की खोलीतला घुमारासुद्धा तितकाच वाढतो. जवळ आल्यावर 'प', 'फ', 'भ' म्हणताना हवेचा धक्का बसतो. त्यासाठी माइक तोंडाच्या अगदी समोर न धरता किंचित बाजूला ठेवा.

संपादनासाठी ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. त्यात आवाजाची सरासरी पातळी एलयूएफएस या एककात ठरवता येते. ॲपलची पॉडकास्टसाठी शिफारस उणे १६ ची आहे, एक अंक इकडेतिकडे चालतो. ही पातळी पाळली की तुमचा भाग लागल्यावर ऐकणाऱ्याला आवाज कमी-जास्त करावा लागत नाही. एकट्या माणसाचे बोलणे असेल तर मोनोमध्ये (दोन्ही कानांना एकच आवाज) ६४ केबीपीएस, म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट, एमपी३ चालते. वीस मिनिटांची फाइल साधारण साडेनऊ एमबी होते, कमी डेटा असलेल्यालाही ती परवडते.

कटाक्षाने टाळायची गोष्ट म्हणजे गोंगाट काढणाऱ्या फिल्टरचा अतिरेक. आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो, आणि माझ्या मते थोडा पंखा ऐकू आलेला त्यापेक्षा परवडला.

प्रश्न : वेबसाइट उघडताच स्वागताचा संदेश आपोआप वाजावा असे मला वाटते. कसे करू?

करू नका. २०१८ पासून क्रोम ब्राउझर, पाहणाऱ्याने पानावर काही दाबलेले नसताना आवाज सुरू करू पाहणाऱ्या मजकुराला बहुतेक वेळा अडवतो. इतर मोठ्या ब्राउझरांचेही तसेच धोरण आहे. शिवाय जे दृष्टिहीन लोक स्क्रीन रीडरने पान ऐकतात, त्यांच्या कानात दोन आवाज एकदम येतात आणि त्यांना पान वापरताच येत नाही. म्हणूनच वेब सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत, तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ आपोआप वाजणारा आवाज थांबवायची किंवा कमी करायची सोय हवीच, असे सांगितले आहे. ठळक बटण ठेवा आणि त्यावर किती मिनिटांचे आहे ते लिहा. ज्याला ऐकायचे तो दाबेल.

प्रश्न : माझा हिशेब शिकवण्याचा ऑनलाइन अभ्यासक्रम आहे. आठवड्याला एक असे २२ भाग केले. प्रत्येक भागाला ४०-५० डाउनलोड. बंद करावे का?

या पत्रावर मी सर्वांत जास्त विचार केला, कारण २२ आठवडे नेमाने काम करणे सोपे नाही.

पहिली गोष्ट, डाउनलोडचा आकडा म्हणजे ऐकणाऱ्यांचा आकडा नव्हे. उद्योगात रूढ असलेल्या मोजणीत ऑडिओचा साधारण एक मिनिटाएवढा भाग सर्व्हरवरून गेला की एक डाउनलोड धरतात. तो वाजवला गेला की नाही, हे त्यात कळत नाही. फोन स्वतःहून भाग उतरवून ठेवतो आणि ते तसेच पडून राहतात. २०२३ मध्ये ॲपलने आयफोनवर हे आपोआप उतरवणे कमी केले, तेव्हा अनेक जुन्या कार्यक्रमांचे आकडे घसरले, श्रोते मात्र तेवढेच होते. म्हणून त्याऐवजी लोक किती टक्के भाग ऐकतात ते बघा. ॲपल आणि स्पॉटिफाय दोघांच्याही निर्मात्यांसाठीच्या पानावर तो आलेख मिळतो. भागाच्या २० मिनिटांपर्यंत किंवा ४० टक्क्यांपर्यंत जो पोहोचला त्याला ॲपल 'गुंतलेला श्रोता' धरते. आलेख पहिल्या दोन मिनिटांतच कोसळत असेल तर सुरुवात लांबलेली आहे. संगीत, ओळख, 'मागच्या भागात आपण पाहिले' हे सगळे कापा आणि थेट प्रश्नाने सुरू करा. पडझड मध्येच एका जागी असेल तर तो तुकडा स्वतः ऐका, कारण सापडेल.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तुम्ही पॉडकास्टकडून अनोळखी लोक आणून देण्याची अपेक्षा करत आहात. ते काम पॉडकास्ट वाईट करते. एखाद्या अडचणीवर उत्तर शोधताना माणूस लिहून शोधतो आणि बहुधा मजकूर किंवा व्हिडिओच्या पानावर पोहोचतो. ऑडिओची ताकद त्यानंतर लागते : ज्याने तुमचे नाव एकदा ऐकले आहे, पण पैसे भरायला मन धजत नाही, त्याच्यासाठी. म्हणून तुमचे खरे ऐकणारे कोण आहेत ते शोधा. अभ्यासक्रमाच्या नोंदणी अर्जात एकच प्रश्न घाला, 'आमच्याबद्दल कुठे कळले आणि फी भरायचे कशामुळे ठरवले?' उत्तर लिहायला मोकळी जागा द्या, पर्याय देऊ नका. त्याच्या जोडीला फक्त पॉडकास्टमध्येच सांगितलेला एक सवलतीचा कोड ठेवा. कोड सगळे वापरत नाहीत, त्यामुळे तो खरा आकडा कमीच दाखवतो, पण अजिबात काही न कळण्यापेक्षा बरा.

माझा सल्ला असा : आठवड्याचा नेम सोडा, महिन्याला दोन भाग करा. वाचलेल्या वेळात जुन्या २२ भागांचा मजकूर लिहून काढा आणि प्रत्येक भागाच्या पानावर टाका. यंत्राने तयार केलेला मजकूर चालेल, पण तो स्वतः तपासा. हिशेबाच्या विषयात एका अंकाची चूकसुद्धा महागात पडते. त्या मजकुरामुळे शोधणाऱ्याला पान सापडेल आणि ज्यांना ऐकू येत नाही त्यांनाही तुमचे शिकवणे मिळेल. शिवाय नव्याने चौकशी करणाऱ्याला उत्तर पाठवताना त्याच्या शंकेला धरून असलेल्या भागाची लिंक जोडा. तुमच्याकडे २२ उत्तरे तयार आहेत, ती कपाटात ठेवू नका. तीन महिने असे करून नोंदणी अर्जांत पॉडकास्टचा उल्लेख एकदाही आला नाही, तर खुशाल बंद करा.

प्रश्न : सुरुवातीला एखाद्या गाजलेल्या गाण्याचे फक्त वीस सेकंद लावले तर चालते ना? ३० सेकंदांच्या आतले मोफत असते असे ऐकले आहे.

असा कुठलाही नियम नाही. ही अफवा फार जुनी आहे आणि तिच्यापायी लोकांचे भाग काढून टाकले गेले आहेत. एका ध्वनिमुद्रणात दोन हक्क असतात, एक रचनेचा आणि एक त्या मुद्रणाचा. परवानगी दोन्हींची लागते, आणि तुमचा वापर व्यवसायासाठी आहे. क्रिएटिव्ह कॉमन्स, म्हणजे निर्मात्याने काही अटींवर आधीच वापराची मुभा दिलेल्या, परवान्याचे संगीत घ्यायचे असेल तर परवान्याचे नाव पूर्ण वाचा. त्यात 'एनसी' ही अक्षरे असतील तर व्यावसायिक वापराला मनाई आहे, 'एनडी' असतील तर फेरफार करून वापरता येत नाही, आणि 'बीवाय' म्हणजे श्रेय द्यावेच लागते. परवान्याचे पान तारखेसह जपून ठेवा. मला विचाराल तर बोलण्याआधी दोन सेकंदांची शांतता संगीतापेक्षा चांगली वाटते.

प्रश्न : मला माझा आवाज मुळीच आवडत नाही. कृत्रिम आवाजाकडून वाचून घेतले तर?

स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रणात परका वाटतो, त्याला शारीरिक कारण आहे. बोलताना आपल्याला आपला आवाज हवेतून ऐकू येतोच, शिवाय कवटीच्या हाडांतूनही येतो, आणि हाडे खालचे सूर ठळक करतात. ध्वनिमुद्रणात फक्त हवेतला आवाज असतो, म्हणून तो पातळ, चिरका वाटतो. बाकी जगाने तुमचा हाच आवाज कायम ऐकलेला आहे, त्यांना त्यात काही वावगे वाटत नाही. स्वतःचे बोलणे रोज ऐकत राहिलात की काही आठवड्यांत कानाला सवय होते.

कृत्रिम आवाजाला माझा सरसकट विरोध नाही. वस्तू परत करायची पद्धत, मालाची मापे असा माहितीचा मजकूर त्याच्याकडून वाचून घ्या, आणि तो यंत्राचा आहे हे लिहा. मात्र 'मी हा व्यवसाय का सुरू केला' हे यंत्राच्या तोंडी घालू नका. गिऱ्हाइकाला उद्या कळले की तो आवाज माणसाचा नव्हता, तर त्याला बाकीच्या दाव्यांचीही शंका येईल, आणि त्याचे चुकणार नाही. अडखळलात तर अडखळा. आधी शब्दन्‌शब्द लिहून वाचू नका, पाच-सहा मुद्दे कागदावर घ्या आणि एखाद्या ओळखीच्या गिऱ्हाइकाला सांगताय असे समजून बोला.

प्रश्न : एका मोफत ॲपवर माझे सगळे भाग आहेत. वेगळे होस्टिंग (फाइली ठेवायची ऑनलाइन जागा) घ्यायची गरज आहे का?

आधी त्या ॲपच्या सेटिंगमध्ये बघा, तुमच्या कार्यक्रमाची आरएसएस फीड तुम्हाला मिळते का आणि दुसरीकडे हलवायची झाल्यास ते नव्या पत्त्याकडे वळवून देतात का. पॉडकास्ट हे आरएसएसवर उभे आहे. ती एक साधी यादी असते, तुमच्या भागांची नावे आणि फाइलींचे पत्ते असलेली, आणि सगळी ॲप ती वाचून नवा भाग श्रोत्यापर्यंत पोहोचवतात. फीड तुमच्या ताब्यात असेल तर एखादे ॲप बंद पडले तरी श्रोता दुसऱ्या ॲपमध्ये तुम्हाला शोधू शकतो. २०२४ मध्ये गूगलने आपले पॉडकास्ट ॲप बंद केले, तेव्हा श्रोत्यांना आपापली यादी दुसरीकडे नेता आली, ती याच कारणाने.

फीड मिळत असेल आणि वळवायची सोय असेल तर तूर्त मोफतच राहा. नसेल तर भाग थोडे आहेत तोवर हला. दोन्ही स्थितींत मूळ ध्वनिमुद्रणे, संपादन केलेल्या फाइली आणि मुखचित्र स्वतःकडे दोन ठिकाणी साठवा. मुखचित्र ३००० बाय ३००० पिक्सेलचे ठेवले की नव्या जागी ते पुन्हा करावे लागत नाही. हलवल्यावर जुना पत्ता लगेच बंद करू नका. किमान महिनाभर तो नव्याकडे वळवलेला राहू द्या, म्हणजे जे रोज ॲप उघडत नाहीत तेही सोबत येतील.