‘जीबीएसची लागण’? लागण उसाची!

जीबीएस म्हणजे गिया-बारे सिंड्रोम, नसांवर घाला घालणारा आजार. त्याबद्दल विचारणा अशी आहे: ‘जीबीएसची लागण झाली’ म्हणावं की ‘बाधा झाली’? आणि व्हायरल तापानंतर उपटणाऱ्या असल्या ऑटोइम्यून (आपलीच प्रतिकारशक्ती आपल्यावर उलटते अशा) आजारांना मराठीत सुटसुटीत शब्द आहे का?

२०२५ च्या सुरुवातीला पुण्यात गिया-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, तेव्हापासून ही ‘लागण’ ऐकून कान किटले. काहींनी तर ‘जीबीएस व्हायरस’ असंही छापून टाकलं. अहो, जीबीएस हा व्हायरस नाही आणि तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. लागण होते ती आधी, दुसऱ्याच कुठल्या जंतूची. पुण्यात काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर सापडला, तो जिवाणू. फ्रेंच पॉलिनेशियात २०१३-१४ साली झिकाच्या साथीमागून जीबीएसचे रुग्ण वाढले, झिका हा विषाणू. कॅम्पिलोबॅक्टरच्या आवरणावरचे काही रेणू आपल्या नसांवरच्या रेणूंसारखेच दिसतात. त्याच्यावर सोडलेली प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) मग नसांवरच उलटतात. आधी पायाला मुंग्या, मग पाय उचलेनासा होतो. तेव्हा ‘इम्युनिटी कमी पडली’ हेही म्हणू नका. ती कमी पडलेली नाही, भलत्यावर घसरली आहे.

आता मूळ शब्दाकडे. संस्कृत ‘लग्’ म्हणजे चिकटणं. त्यावरून ‘लग्न’, म्हणजे चिकटलेलं. पूर्वक्षितिजाला लागलेली रास म्हणजे लग्न, त्या वेळेवर अक्षता पडायच्या म्हणून सोहळाही लग्न. प्राकृतात ‘लग्ग’, मराठीत ‘लागणे’. दृष्ट लागते, ठेच लागते, फणसाला फणस लागतात. लागण, लागवड, लगट, सगळी एका घरातली. प्रमाणभाषावाले आम्हाला शिकवतात की लागण रोगाची आणि लागवड पिकाची. करवीर-शिरोळकडच्या कुठल्याही बांधावर जाऊन हे सांगून बघा! आमच्याकडे ‘लागण कधीची?’ असं विचारलं तर कुणी थर्मामीटर काढत नाही. ‘आडसाली, जुलैची’ असं उत्तर येतं, म्हणजे पावसाळ्यात लावलेल्या उसाची. हा वापर कोशात दुय्यम म्हणून ढकलणाऱ्यांनी एकदा सरीत पाय घालावा.

आणि शब्द हवा होता ना? तो याच रानात आहे: खोडवा. लागणीचा ऊस कारखान्याला गेला की बुडखे जमिनीलगत छाटतात, पाचट सरीत दाबतात, आणि नवं बेणं न लावता त्याच खोडातून कोंब फुटतात. तो खोडवा. त्यानंतरचा निडवा. संसर्ग सरला, ताप उतरला, आणि काही आठवड्यांनी किंवा वर्षांनी त्याच मुळावर दुसरं दुखणं उगवलं, तर त्याला ‘संसर्गाचा खोडवा’ म्हणायला काय हरकत आहे? ऑटोइम्यूनला सध्या ‘स्वयंप्रतिरक्षित’ हा शब्द चालवतात. वाचून वाटतं, गडी स्वतःचं रक्षण करून ठणठणीत बसलाय! आजाराला असलं नाव ठेवणाऱ्यांनी रुग्ण बघितला नसावा.

एका डॉक्टर मित्राने यावर फाटा फोडला की खोडव्यात ऊस तोच असतो, इथं जंतू तर निघून गेलेला असतो. कॅम्पिलोबॅक्टरपुरतं मान्य. पण एप्स्टाईन-बार विषाणूचं काय? तो एकदा शिरला की बी पेशींत (रक्तातल्या एका जातीच्या पांढऱ्या पेशींत) जन्मभर मुक्काम ठोकतो. अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून अधिक जणांच्या नोंदींवरचा अभ्यास २०२२ मध्ये आला. या विषाणूची लागण झाल्यावर मल्टिपल स्क्लेरोसिसचा (मेंदू आणि मज्जारज्जूवर उलटणाऱ्या ऑटोइम्यून आजाराचा) धोका ३२ पट वाढलेला दिसला. असाच पसरणाऱ्या सायटोमेगॅलोव्हायरसने मात्र तो वाढला नाही. म्हणजे बुडखा जमिनीतच आहे! बरं, हा विषाणू बहुतेक सगळ्या प्रौढांच्या अंगात असतो आणि मल्टिपल स्क्लेरोसिस होतो फार थोड्यांना. आनुवंशिकता आणि इतर कारणंही त्यात हात घालतात. प्रत्येक बुडख्याला तरी कोंब कुठं येतो? खोडव्यात नांग्या, म्हणजे कोंब न आलेल्या मोकळ्या जागा, पडतातच की. उलट, या आक्षेपानं माझा शब्द पक्काच झाला.

उसाच्या नादात ‘बाधा’ राहिलीच. ‘बाध्’ म्हणजे पीडा देणं. बाधा पाण्याची होते, भुताची होते, जंतूचीही होते. बाधायला बाहेरचं कुणीतरी लागतं, आणि जीबीएसमध्ये मारणारे आपलेच. तेव्हा सरळ ‘जीबीएस झाला’ म्हणा.