किल्लीचं आधी ठरवा

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र मिळालं. वस्तीतलं शौचालय मंजूर झालंय, वॉर्ड ऑफिसची माणसं जागा बघून गेलीत, आणि तू विचारतेस की आता लोकांचा सहभाग कसा मिळवायचा. थोडा उशीरच झालाय. पण पाया खणला नाही तोवर बरंच हातात आहे.

आधी मोजणी कर, आणि ती वस्तीतल्या बायकांना सोबत घेऊनच. 1985 साली मुंबईत 'स्पार्क' या वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या संस्थेनं फुटपाथवर राहणाऱ्यांची गणती केली, तेव्हा कुठल्याच कागदावर नसलेली हजारो माणसं आकड्यांत आली. तुमच्याकडे भाडेकरू निसटतील. घरमालक आपलं कुटुंब सांगतो, पोटमाळ्यावरची चार पोरं सांगत नाही. गल्लीतल्या बाईला मात्र ती ठाऊक असतात. स्वच्छ भारतच्या निकषात 35 पुरुषांमागे आणि 25 बायकांमागे एक सीट धरतात. माणसं कमी लिहिलीस तर सीटही कमी मिळतील.

बैठक सकाळी अकराला ठेवलीस तर मंडळाची पोरं आणि चार म्हातारे येतील. धुण्याभांड्याला जाणाऱ्या बायका कधी परततात, नळाला पाणी कधी येतं, हे विचारून वेळ ठरव.

शौचालयाच्या नकाशावर बायकांना मनसोक्त बोलू दे. 1999 नंतर पुण्यात महापालिकेनं वस्त्यांमधल्या शौचालयांचं काम मोठ्या प्रमाणावर संस्थांकडे सोपवलं, तेव्हा 'स्पार्क' आणि वस्त्यांतल्या बायकांच्या बचतगटांचं जाळं असलेल्या 'महिला मिलन'नं बांधलेल्या शौचालयांत लहान मुलांसाठी वेगळी सोय आली. रांगेत मोठी माणसं पोरांना मागे सारतात, आत अंधार, भांड्याचं भोक मोठं. पोरगं घाबरून गटाराच्या कडेलाच बसतं. म्हणून भांडं छोटं आणि पुढे धरायला दांडी. पुरुषांचं नि बायकांचं दार वेगळ्या बाजूंना, आणि देखभाल करणाऱ्या कुटुंबाला तिथेच राहायला खोली. इंजिनिअर म्हणेल, जागा वाया जाते. म्हणू दे.

खरी मारामारी किल्लीवरून होते. शौचालय रस्त्याला लागून असेल तर रिक्षावाले, दुकानदार, येणारे-जाणारे सुटे पैसे टाकतात. रोज गल्ला जमतो, आणि गल्ला जमला की दादा येतो. आतल्या गल्लीतल्या शौचालयाला फक्त घरटी मासिक पासाचा आधार. तिथं दादा येत नाही, पण दोन महिने वसुली थकली की वीज तुटते, पंप बंद पडतो आणि देखभालवाला निघून जातो. तुमचं शौचालय यातल्या कुठल्या प्रकारचं आहे ते आधी बघ. बँकेचं खातं विटा यायच्या आत उघड. सह्या तिघींच्या, त्यातली एक भाडेकरूंपैकी. महिन्याची जमा, खर्च, शिल्लक दाराशेजारच्या फळ्यावर खडूनं लिहायची. वही कपाटात राहते, फळा येता-जाता सगळे वाचतात.

नगरसेवकाला उद्घाटनाची पाटी लावायची असेल तर खुशाल लावू दे. त्यावर भांडण काढू नकोस, पुढे मलवाहिनी जोडून घ्यायला तोच लागणार आहे.

आणि एक. सहभाग म्हणजे पालिकेचं काम लोकांच्या गळ्यात मारणं नव्हे. कराचीच्या ओरंगी या मोठ्या वस्तीत 1980 पासून समाजकार्यकर्ते अख्तर हमीद खान यांनी हिशेब स्वच्छ ठेवला होता: घरातला संडास आणि गल्लीतली लाईन लोकांनी आपल्या पैशानं करायची, मोठी वाहिनी आणि मैला शुद्ध करणं सरकारनं. तुमच्याकडेही तशी रेघ कागदावर मारून घे. झाडणं, दिवे, कड्या-कोयंडे समितीकडे; टाकी उपसणं आणि बांधकामाची तपासणी पालिकेकडे, लेखी. 2017 साली मानखुर्दमध्ये शौचालयाची जमीन खचून माणसं खालच्या टाकीत पडून मेली. पासाच्या पैशात असली तपासणी होत नाही, आणि तशी अपेक्षा कुणी धरली तर सही करू नकोस.

पासाची रक्कम पहिल्याच बैठकीत जाहीर करू नकोस. वीज, पाणी, फिनेल, देखभालवाल्याचा पगार, सगळं फळ्यावर मांड आणि घरांनी भागायला लाव. खातं उघडलं की सह्या कुणाकुणाच्या आहेत ते कळव.

तुझी,
ताई