लेगोच्या ठोकळ्यांपासून खरंच काम करणारी यंत्रं बनतात का, की ती नुसती दाखवायची खेळणी? शिकायचं असेल तर सुरुवात कशापासून करावी?

बनतात, आणि काही तर थक्क करणारी. डेव्हिड गिल्डे आणि माइक डॉब्सन यांच्या क्यूबस्टॉर्मर ३ या लेगो रोबोनं २०१४ मध्ये रुबिक क्यूब ३.२५३ सेकंदांत सोडवला. यंत्रांमध्ये तेव्हाचा तो विश्वविक्रम होता. मोबाईलचा कॅमेरा क्यूब बघतो, मोबाईलच चाली काढतो आणि माइंडस्टॉर्म्स या लेगोच्या रोबो-संचातल्या मोटरी बाजू फिरवतात.

तरी मला विचाराल तर अँड्र्यू कॅरोल यांनी २०१० मध्ये केलेली अँटिकिथेरा यंत्राची लेगो आवृत्ती याहून मोठी. मूळ यंत्र ग्रीसजवळ बुडालेल्या जहाजात सापडलं. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं, कांशाचं, सूर्य-चंद्राच्या गती आणि ग्रहणं सांगणारं. लेगोचं यंत्रही ग्रहणांच्या वेळा काढतं, आणि त्यात प्रोग्रॅम नाही, फक्त गिअर आहेत.

खरी गंमत इथेच आहे. १९ वर्षांत २३५ चांद्रमास होतात, हे गुणोत्तर यंत्राला हवं असतं. कारागिराला हवे तितके दाते कापता येतात, पण लेगोच्या नेहमीच्या गिअरांना दाते ८, १६, २४, ४० असेच. ते कसेही जोडा, गुणाकार-भागाकारातून २, ३ आणि ५ हेच अवयव हाती लागतात. १९ मिळतच नाही. मग डिफरन्शियल कामाला येतो, तोच जो मोटारीच्या दोन चाकांमध्ये असतो. त्याची पेटी दोन्ही बाजूंच्या फेऱ्यांच्या सरासरीनं फिरते. एका बाजूला १८ फेरे द्या, दुसऱ्या बाजूला २०, पेटी बरोबर १९ फिरते. यंत्रानं बेरीज केली! हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला लेगोकडे खेळणं म्हणून बघणं जमेना.

म्हणून सुरुवात रोबोपासून करू नका. माइंडस्टॉर्म्सचं उत्पादनही २०२२ अखेर थांबलं, त्यामुळे तो संच मिळाला नाही तर अडून बसू नका. आधी गिअर नीट बसवायला शिका. ठोकळ्यावरची बटणं ८ मिमी अंतरावर असतात, पण ठोकळ्याची उंची ९.६ मिमी. त्यामुळे भोकांचे ठोकळे नुसते एकावर एक रचले की वरखाली बसवलेले गिअर जुळत नाहीत. मधे ३.२ मिमीच्या दोन चपट्या पट्ट्या घाला. ९.६ अधिक ६.४ म्हणजे १६ मिमी, अगदी दोन बटणांचं अंतर, आणि ८ व २४ दात्यांची जोडी चपखल बसते. हे हातानं करून बघाच, वाचून पटत नाही.

त्यानंतर ग्रेट बॉल कॉन्ट्रॅप्शनचा एक भाग बनवा. जगभरचे हौशी लोक छोटे चेंडू पुढे ढकलणारी यंत्रं बनवतात आणि एकमेकांना जोडतात. नियम सोपा: सरासरी सेकंदाला एक चेंडू घ्यायचा आणि पुढच्याच्या टोपलीत टाकायचा. चेंडू उचलायचा कसा, हे सर्वस्वी तुमचं. पायऱ्या, झुलता हात, फिरता स्क्रू, काहीही चालतं. एक चेंडू वर नेणं सोपं आहे. खरी परीक्षा टोपलीच्या तोंडाशी होते, जिथे दोन चेंडू एकदमच आत शिरायला बघतात आणि अडकतात. तिथे टोपलीचा तळ सतत थोडा हलता ठेवा. यंत्र चालवणाऱ्या मोटरवरूनच एक छोटा दांडा काढला तरी पुरतो.