परसदार : मेपलच्या रसाला बादली कोणती?

प्रश्न : काकू, आम्ही गेल्या उन्हाळ्यात घर घेतलं. मागे शुगर मेपलची तीन मोठी झाडं आहेत, यंदा रस काढून सिरप करायला टॅप, म्हणजे खोडात भोक पाडून बसवायच्या तोट्या, लावायचे म्हणतोय. विकतच्या बादल्या महाग वाटतात. घरात लोणच्याची पाच गॅलनची बादली, तेलाचा पत्र्याचा डबा, दुधाचे गॅलनचे रिकामे कॅन आणि आजीचं तांब्याचं घंगाळ आहे. यातलं काय चालेल?
– एक वाचक, बर्लिंग्टनजवळ, व्हरमाँट

उत्तर : अगं, घंगाळ दिवाणखान्यात शोभेलाच राहू दे. रस आंबायला लागला की बिनकल्हईच्या तांब्याचा अंश त्यात उतरतो.

बाकीच्या भांड्यांचं ठरवायच्या आधी एक हिशोब बघ. शुगर मेपलच्या रसात साखर जेमतेम २ टक्के असते, म्हणून साधारण ४० गॅलन रस आटवला की १ गॅलन सिरप हाती येतं. उडून जातं ते पाणी. बादलीला चिकटून राहिलेलं मीठ, तेल, साबण यातलं काही उडत नाही, ते सगळं त्या एका गॅलनात येऊन बसतं. त्यामुळे बादली कशाची बनलीय यापेक्षा तिच्यात आधी काय होतं, हे मी पहिलं विचारते.

लोणच्याच्या बादलीचं अंग घासून निघेल, पण झाकणातली रबराची रिंग हिंग-मेथीचा वास सोडत नाही. हवं तर रिंग काढून टाक, बादलीत कढत पाणी ओतून झाकण लाव आणि तासाभरानं उघडून वास घे. जरासा जरी आला तरी त्या बादलीचा नाद सोड. तेलाचा डबा तर नकोच. तोंड अरुंद, आत हात जात नाही, सांध्याला गंज धरतो आणि राहिलेलं तेल खवट होतं. दुधाच्या कॅनची मूठ पोकळ असते, तिथली साय काही केल्या निघत नाही. त्याच मापाचे पिण्याच्या पाण्याचे कॅन बरे. तेही लहानच पडतात म्हणा. चांगल्या दिवशी एका टॅपमधून गॅलनपेक्षा जास्त रस येतो, आणि तू संध्याकाळी ऑफिसातून येईपर्यंत तो जमिनीत जिरलेला असेल.

माझं ऐकशील तर जवळच्या सुपरमार्केटच्या बेकरीत जा आणि केकवरच्या आयसिंगच्या रिकाम्या बादल्या माग. पुष्कळ ठिकाणी फुकट किंवा नाममात्र पैशांत देतात. आयसिंग तुपकट असतं, म्हणून एकदा भांड्यांच्या साबणानं धुऊन भरपूर पाण्यानं खळबळायच्या. पांढऱ्या असतात हे आणखी चांगलं, कारण गडद रंगाच्या बादलीत उन्हानं रस लवकर तापतो. तळाशी त्रिकोणात २ आकडा दिसला म्हणून हार्डवेअरच्या दुकानातली कुठलीही बादली उचलू नकोस. तो आकडा फक्त प्लॅस्टिकचा प्रकार सांगतो. रंगाच्या डब्यावरही तोच असतो. खाद्यपदार्थांसाठी चालते असं लिहिलेलं हवं.

आता ती झाडाला जोडायची कशी? पाच गॅलन रस म्हणजे १९ किलोच्या आसपास वजन. ते तोटीला टांगायचं नाही, बादली बुंध्याशी जमिनीवरच ठेवायची. ५/१६ इंची तोटी घे आणि तिला त्याच मापाची, खाद्यपदार्थांसाठीची प्लॅस्टिकची नळी जोड. ही नळी बाहेरून ७/१६ इंच भरते, तेव्हा बादलीला अर्ध्या इंचाचं भोक पुरे. बरेच जण ते झाकणावर पाडतात. मी बाजूला, काठाच्या जरा खाली पाडते. झाकण भोकाच्या वर राहतं, त्यामुळे पावसाचं पाणी सहसा आत जात नाही आणि बादली रिकामी करताना झाकण सहज निघतं. ड्रिलचा प्लॅस्टिकचा भुसा मात्र नीट पुसून काढ.

नळीचं टोक रसात बुडू देऊ नकोस. रात्री गारठा वाढला की झाडाच्या आतला दाब उतरतो आणि झाड रस मागे ओढतं. टोक बुडालेलं असेल तर बादलीतला जंतू लागलेला रस थेट झाडाच्या भोकात जातो, आणि मग ते भोक लवकर बंद पडतं.

बर्फ वितळला की बादली कलंडते, म्हणून खाली फळी आणि झाकणावर दगड. बुंध्याला दोरीनं बांधलीस तर उत्तम. आणि पाच गॅलनची बादली आहे म्हणून ती भरेपर्यंत थांबायचं नाही. रोज संध्याकाळी ओतून घ्यायची, पाठीलाही तेच बरं. साठवायला तुझ्याकडे स्टीलचं पिंप असेल तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. घराच्या उत्तरेला, सावलीत, भोवती बर्फ रचून ठेव. ३८ फॅरनहाइटच्या खाली राहिलं पाहिजे, आणि दोन-चार दिवसांत आटवून टाक.

प्रश्न : सासरे म्हणतात, गावाकडे नीरेच्या मडक्याला आतून चुना फासतात, तसा बादलीला फासा, रस आंबणार नाही. करावं का?
– एक वाचक, न्यू हॅम्पशायर

उत्तर : सासऱ्यांचं म्हणणं खरं आहे, पण तिकडच्या हवेसाठी. नीरा काही तासांत आंबते, चुन्यानं ते लांबतं. इथं रसाचा हंगामच असा की रात्री पाणी गोठतं आणि दिवसा सुटतं. हवाच रस टिकवते. चुना घातलात तर तो आटताना सिरपमध्येच राहील. नको.

प्रश्न : जुन्या बाजारातून जस्ताच्या पत्र्याच्या मेपलच्या बादल्या घेतल्या, झाकणांसकट. वापरू ना?
– एक वाचक, लंडन, ऑन्टारियो

उत्तर : दिसायला त्या सुरेख असतात हे कबूल. पण १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत अशा बादल्यांच्या सांध्यांना शिशाचा डाख (झाळण) असायचा, आणि काहींच्या पत्र्यावर तर शिसं-कथलाचाच मुलामा असे. रस जितका जास्त वेळ आत राहतो, जितका आंबतो, तितकं शिसं उतरतं आणि आटल्यावर चाळीसपट होतं. तुमच्या बादल्यांवर वर्ष नसेल आणि सांध्यावर राखाडी डाख दिसत असेल, तर रसासाठी नकोत. घरात लहान मुलं असतील तर अजिबातच नकोत. तळाला भोकं पाडून त्यांत जिरेनियम लावा. झाकणं मात्र तपासून घ्या. एकसंध पत्र्याची, डाख आणि मुलामा नसलेली असली तर नव्या अ‍ॅल्युमिनियमच्या बादल्यांवर कधी कधी चपखल बसतात.